ढाण्या वाघ परतला, आता गोठ्याचे काय?

सुगीच्या दिवसांत पाटण तालुक्यातल्या एका डोंगरवाडीवर पंचनाम्यासाठी जावे लागले. शेळी गेली होती. वाडीतल्या आजोबांना विचारले, "आजोबा, कशानं नेली?" म्हणाले, "वाघानं." मी म्हटले, "कंचा वाघ? बिबट्या का ढाण्या?" तर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, वाघ त्यो वाघ. त्याला जात इचारायची का?"

त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. आपल्याकडे जावळीपासून शिराळ्यापर्यंत बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्टे असलेला खरा वाघ सांगायचा असेल तरच ढाण्या किंवा पट्टेरी हा शब्द लावतात. इतकी वर्षे या घोटाळ्याने काही बिघडत नव्हते, कारण ढाण्या नव्हताच. आता तो आहे. त्यामुळे कशाने नेली हा प्रश्न कागदावरही महत्त्वाचा झाला आणि रात्री गोठ्याचे दार किती पक्के लावायचे याच्यासाठीही.

आधी घडले काय ते पाहू. कोयना अभयारण्य १९८५ साली झाले. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दोन्ही मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत ते पसरले आहे. नाव व्याघ्र प्रकल्प, पण वाघ दिसेना, म्हणून चहाच्या टपरीवर त्याची चेष्टाही पुष्कळ झाली. मग मे २०१८ मध्ये चांदोलीच्या जंगलात कॅमेऱ्यात एका वाघाचे छायाचित्र मिळाले. वाघाचे पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्या पट्ट्यांवरूनच पुढे कळले, की हाच वाघ कर्नाटकातल्या काली व्याघ्र प्रकल्पात गेला आहे, म्हणजे दोनशे किलोमीटरहून जास्त. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत पुन्हा वाघ टिपला गेला आणि पुढे तीन वाघांची नोंद झाली. तिन्ही नर.

तिन्ही नरच का, हे समजून घेतले तर पुढचे सगळे समजते. वाघाचा नर वयात आला की आईचे रान सोडून नवी जागा शोधायला निघतो आणि शेकडो किलोमीटर चालतो. मादी सहसा आईच्या शेजारीच आपला मुलूख करते. त्यामुळे कर्नाटक-गोव्याच्या बाजूने तिलारी, आंबोली, राधानगरी असे डोंगर धरून नर इकडे पोचले, माद्या मात्र मागेच राहिल्या. माद्या नाहीत म्हणजे बछडे नाहीत. नर यायचे, काही काळ हिंडायचे आणि निघून जायचे. म्हणून शासनाने ताडोबा आणि पेंच या भागांतून एकूण आठ वाघ इकडे आणायचे ठरवले. त्याला 'ऑपरेशन तारा' असे नाव आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची 'चंदा' ही वाघीण चांदोलीत आली. गळ्यात रेडिओ कॉलर घालून तिला आधी कुंपणाच्या आवारात ठेवले आणि मग रानात सोडले. डिसेंबरमध्ये दुसरी वाघीण आली.

गावोगाव एकच प्रश्न विचारला जातो, की चंद्रपूरसारखे इथेही होणार का? माझे शिक्षण कृषी पदविकेचे. वन्यजीवांचा मी तज्ज्ञ नाही. पण जे दिसते ते सांगतो. चंद्रपुरात वाघ फार आहेत, जंगलाला लागून गावे आणि शेते आहेत, आणि मोहफुले व तेंदूपाने वेचायला माणसे रानात जातात. इथे चार-पाच वाघ आणि अकराशे चौरस किलोमीटर रान, हे प्रमाण सध्या तरी निराळे आहे. मात्र आपले रान लांबट आणि अरुंद आहे. एका अंगाला कोकणाचा कडा, दुसऱ्या अंगाला शिवसागराचे पाणी आणि आपली वाडी. दोन-तीन रात्री चालले की वाघ कडेला येतो. म्हणून 'काही होणार नाही' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही, आणि 'आता पोरं उचलून नेणार' असे सांगणाऱ्यावरही नाही.

बाहेरची दोन उदाहरणे आहेत. मध्य प्रदेशातल्या पन्नामध्ये २००९ साली वाघ संपले होते. त्याच वर्षी बाहेरून वाघ आणायला सुरुवात झाली आणि आज तिथे डझनांनी वाघ आहेत. ओडिशातल्या सातकोसियात २०१८ मध्ये असाच प्रयोग झाला. वाघीण माणसे मारते म्हणून गावे बिथरली, नर वाघ फाशात अडकून मेला आणि वाघिणीला पकडून २०२१ मध्ये मध्य प्रदेशात परत न्यावे लागले. रान दोन्हीकडे होते. सातकोसियात आधी भरवसा कमवायचा राहून गेला होता.

वाघाला आठवड्याला साधारण एक मोठी शिकार लागते, म्हणजे वर्षाला पन्नास जनावरे. ती सांबर, गवा, भेकर आणि रानडुक्कर यांतून मिळाली तर तो आपल्या गोठ्याकडे बघत नाही. चांदोलीत उठवलेल्या गावांची जुनी शेते आता गवताची कुरणे झाली आहेत आणि तिथे गवे चरतात. सांगलीच्या सागरेश्वर अभयारण्यातून चितळेही तिकडे नेली. सागरेश्वर म्हणजे मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर झाडे लावून उभे केलेले अभयारण्य. त्या माळावर वाढलेले हरीण आता चांदोलीतल्या वाघाचे भक्ष्य व्हावे, हा योग विचित्रच म्हणायचा.

आता खुणा कशा ओळखायच्या ते सांगतो. मांजराच्या जातीचे जनावर चालताना नखे आत घेते, म्हणून ठशात नखे उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा, तरस यांच्या ठशात नखांच्या टोकांची खूण दिसते. बिबट्याचा पुढचा पंजा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंद असतो. ठसा दहा-अकराच्या पुढे गेला तर वनरक्षकाला लगेच कळवावे. मात्र चिखलात ठसा पसरतो आणि आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, हे विसरू नये. टेप नसेल तर ठशाशेजारी काडीपेटी ठेवून फोटो काढावा, आणि ठशावर घमेले किंवा पाटी पालथी घालून ठेवावी. तेवढ्याने तो ऊन आणि कोंबड्यांपासून वाचतो. मेलेल्या जनावराच्या गळ्यावर दोन-चार खोल दातांच्या खुणा असतील तर वाघ किंवा बिबट्या समजावा. मागचा भाग आणि पोट फाडलेले, अंगभर चावे असतील तर कोळसुंदे किंवा आपलीच भटकी कुत्री. कुत्र्यांनी मारलेल्या शेळीला वनखात्याची भरपाई मिळत नाही. 'वाघ म्हणून लिहा की राव' असा आग्रह पंचनाम्यात होतो. तसे करू नये. एक खोटा पंचनामा उघडा पडला की त्या वाडीच्या पुढच्या दहा खऱ्यांवर शंका घेतली जाते.

भरपाईची तक्रार जनावर मेले तर ४८ तासांत आणि पिकाचे नुकसान झाले तर तीन दिवसांत वनखात्याकडे द्यावी. जनावर जागेवरून हलवू नये. २०२२ च्या शासन निर्णयाने गाय, बैल, म्हैस यांना बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, आणि शेळी-मेंढीला ७५ टक्के किंवा १५ हजार, यांतली कमी असेल ती रक्कम ठरवली. माणूस दगावला तर कुटुंबाला २५ लाख, हे २०२३ मध्ये ठरले. आता कोणीही म्हणेल, लाखाच्या पुढची मुऱ्हा म्हैस गेली तर ७० हजारांत काय होते? बरोबर आहे. शिवाय पाहिजे ते माणूस वेळेला भेटत नाही. तलाठ्यांचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकांचे ग्रामपंचायत अधिकारी, आमच्या कृषी सहायकांचे सहायक कृषी अधिकारी. नावे मोठी झाली, पण एका माणसाकडे पाच-सहा गावे असतात ती तशीच राहिली. जंगलाकाठच्या गावांसाठी पंचनाम्याचा वार आणि पर्यायी माणूस आधीच ठरवून ठेवावा, असे मी आमच्या मासिक सभेत सुचवले आहे.

सगळ्यांत मोठी भीती मला रानडुकराच्या तारेची वाटते. भात, नाचणी, ऊस वाचवायला काही शेतकरी शेताभोवती तार ओढून लाइनचा करंट सोडतात. डुक्कर मरो न मरो, रात्री पाणी पाजायला आलेला शेजारी मरतो, आणि मग घरचा कर्ता माणूस तुरुंगात जातो. त्या तारेत उद्या वाघीण मेली तर गाव पिढ्यान्‌पिढ्या त्याच नावाने ओळखले जाईल. सौर कुंपण वेगळे असते. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेतून बफर गावांना त्यासाठी अनुदान मिळते. अर्ज ग्राम परिस्थितीकीय विकास समितीकडून जातो. ती समिती आपल्या गावात नावापुरती आहे की चालू आहे, हे सरपंचांनी एकदा तपासावे. वाघ, बिबट्या किंवा फास दिसला तर १९२६ या क्रमांकावरही कळवता येते.

डोंगरातल्या जुन्या माणसांच्या मनातला राग मात्र अनुदानाने जाणार नाही. कोयनेच्या धरणाने ज्यांना एकदा उठवले, त्यांतल्या कितीकांना अभयारण्याने पुन्हा उठायला सांगितले. सांगलीत दिवा लागला आणि मुंबईत गिरणी चालली तरी यांच्या नव्या गावठाणात पाणी यायला किती वर्षे गेली, ते त्यांनाच ठाऊक. त्यांना 'वाघ वाचवा' सांगायला जाणाऱ्या अधिकाऱ्याने आधी त्यांच्या पुनर्वसनाची फाइल कुठे अडली आहे, ते विचारून जावे.

त्या वाडीवरच्या शेळीचे सांगायचे राहिले. आजोबांच्या नातवाने ठशावर आठवणीने घमेले ठेवले होते. वनरक्षकाने मोजले, साडेआठ सेंटिमीटर, नखे नाहीत. गळ्यावर दोन खुणा. पंचनाम्यात बिबट्या लिहिले, आजोबांनी अंगठा केला आणि मला म्हणाले, "आमी वाघच म्हणणार बरं का." मी म्हटले, "म्हणा, पण गोठ्याला दार करा." दार अजून झालेले नाही. गेल्या आठवड्यात तिकडून जाताना पाहिले, दोन बाभळीच्या काट्याच्या फांद्या आडव्या लावल्या आहेत.