चौघांची वर्गणी आणि कोकणचा मुक्काम

जोडून सुट्टी आली की चौघे-पाच जण वर्गणी काढतात, कुणाची तरी गाडी घेतात आणि घाट उतरून कोकणात जातात. अशा टोळक्यांना पर्यटनाच्या चर्चेत फारशी पत नाही. ‘येतात फार, पण पैसा सोडत नाहीत’ ही त्यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार. म्हणून विकासाच्या गप्पा निघाल्या की ओढा मोठ्या रिसॉर्टकडे आणि सैल हाताने खर्च करणाऱ्या पाहुण्याकडे असतो. मला हा हिशेबच उलटा वाटतो. हात राखून फिरणारा प्रवासी गावाला अधिक मानवतो. फक्त त्याने पैसे वाचवावेत ते स्वतःची चैन कमी करून, यजमानाच्या अंगावर खर्च टाकून नव्हे.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळ, तिथे वाशिष्ठीच्या खाडीवर पुन्हा बोट, पलीकडे धोपावे आणि गुहागर. परत येताना चिपळूण आणि कुंभार्ली घाट. हा फेरा साधारण ६०० किलोमीटरचा. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४० लिटर पेट्रोल, म्हणजे चार हजारांच्या थोडं वर. चौघांत माणशी हजार-अकराशे. हा पैसा तेल कंपनीला जाणारच, गाडीत एक बसो की चार. प्रश्न उरलेल्या पैशाचा. ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशी पाटी असलेल्या घरात चौघे एका खोलीत झोपले की भाडं थेट घरमालकिणीच्या हातात पडतं. ताटातली सुरमई हर्णैच्या लिलावातली, नारळ परसातला, सोलकढीचं आमसूल घरी वाळवलेलं, आणि गर्दी वाढली तर भाकऱ्या थापायला शेजारीण येते. मोठ्या हॉटेलात बिल चौपट होतं खरं, पण त्यातून आरक्षणाच्या संकेतस्थळाचं कमिशन, शहरातून येणारा किराणा आणि बाहेरच्या मालकाचा नफा वजा केला, तर गावात राहतात ते मुख्यतः पगार. ते महत्त्वाचे आहेतच, विशेषतः ज्याच्याकडे ना वाडी ना जादा खोली, त्याच्यासाठी. तरीही पगारदार होणं आणि धंद्याचा मालक असणं यातला फरक कोकणी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांत त्याच्या पिढ्या गेल्या.

वेळासचं उदाहरण बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला घेतली. पुढे पिल्लं समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला लोक येऊ लागले, आणि ग्रामस्थांनी आपलीच घरं पाहुण्यांना उघडून दिली. ओटीवर गाद्या, पंगतीत जेवण, पहाटे उठून किनाऱ्यावर. चैन करायला तिथे कोणी जात नाही, तरी पूर्वी खाण्यासाठी चोरली जाणारी अंडी राखण्यात आता गावाचा फायदा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पोफळीचं नवं रोप फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात. तेवढ्या काळात भाड्याची एक खोली घराला केवढा आधार देते, हे वाडीवाल्यांना विचारावं.

आता आक्षेप. स्वस्तातली टोळकीच कचरा करतात, रात्रभर गाणी लावतात, असं म्हणतात. यात तथ्य आहे. पेट्या भरून सगळं शहरातून आणायचं, गाडीतच झोपायचं, बाटल्या सुरुच्या बनात टाकून निघायचं, ही काटकसर नव्हे, फुकटेपणा आहे. पण बेशिस्तीचा संबंध खिशाशी जोडणं चूक. भरतीच्या वेळी वाळूत रुतलेल्या, ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागणाऱ्या गाड्या बहुतेकदा चांगल्या महागातल्या असतात. दंड आणि वाहनामागे सफाईशुल्क हा उपाय दोघांनाही लागू पडतो.

दुसरा मुद्दा पुलांचा. रेवस ते रेडी सागरी मार्गाची कल्पना मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळातली, म्हणजे १९८० च्या दशकातली. खाड्यांवरचे मोठे पूल मात्र रखडतच गेले. ती उणीव दाभोळ-धोपाव्याला २००३ पासून फेरीबोटीने भरून काढली. बोटीची गंमत जाईल म्हणून पुलाला नाक मुरडणं ही पाहुण्याची चैन झाली. रात्री बोट बंद असताना अडलेल्या बाळंतिणीला ती परवडत नाही. पूल हवेतच. पण आज बोटीची वाट पाहत थांबलेली गाडी जेटीवर चहा घेते, वडापाव घेते, कोकमाची बाटली घेते, आणि शेवटची बोट चुकली तर त्याच गावात मुक्काम करते. पूल झाल्यावर तीच गाडी ऐंशीच्या वेगाने निघून जाईल. म्हणून पुलांच्या खर्चातच दोन्ही तीरांवर थांबे धरावेत: सावलीचा वाहनतळ, गावच्या बायकांना लिलावाशिवाय मिळणारे गाळे आणि पाणी असलेलं, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह. या शेवटच्या गोष्टीसाठी तर पुलाचीही वाट पाहायला नको.