गोळी जपानची, गिऱ्हाईक अमेरिकेचे

जपानमध्ये २०२४ या वर्षी जेमतेम ६ लाख ८६ हजार मुले जन्माला आली. १८९९ पासून तेथे ही नोंद ठेवली जाते. तेव्हापासूनचा तो तोवरचा नीचांक होता. योगायोग असा, की त्याच १८९९ साली अमेरिकेत मिठाईचे काम शिकून परतलेल्या ताइचिरो मोरिनागा यांनी टोकियोत आपला छोटेखानी कारखाना थाटला होता. पाश्चात्त्य धर्तीच्या गोळ्या-चॉकलेटांची चटक जपानी मुलांना लावणाऱ्या त्यांच्या कंपनीपुढे आज प्रश्न उभा आहे तो मुलेच आटत चालल्याचा. त्याचे उत्तर ती शोधते आहे 'हाय-च्यू' या फळांच्या स्वादाच्या मऊ, चिवट गोळीत.

या गोळीचे मूळ एका शिष्टाचारात आहे. तोंडात घातलेला पदार्थ चारचौघांत बाहेर काढणे जपानी माणसाला असभ्य वाटते. मग च्युइंग गमचे करायचे काय? मनसोक्त चघळता यावे आणि शेवटी गिळूनही टाकता यावे, असे काही हवे होते. त्यातून १९३१ मध्ये 'च्युलेट' आले आणि १९७५ मध्ये त्याचाच नवा अवतार म्हणून हाय-च्यू. बाहेर पांढरा थर, आत फळाच्या स्वादाचा रंगीत गर. (जिलेटिन असल्याने शाकाहारी मंडळींनी ती दूर ठेवलेलीच बरी.) ही गोळी बाजारात आली त्या वर्षी जपानमध्ये सुमारे १९ लाख मुले जन्मली होती. गेल्या पन्नास वर्षांत हा आकडा जवळपास एकतृतीयांशावर आला.

अमेरिकेत हाय-च्यूने पाय रोवले ते जाहिरातींपेक्षा माणसांच्या खिशांतून. जपानमध्ये धर्मप्रचार करून युटा राज्यात परतलेल्या मॉर्मन तरुणांना तिची ओढ लागलेली होती. पुढे २०१२ च्या सुमारास बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघातील जपानी गोलंदाज जुनिची ताझावा याने सहकाऱ्यांसाठी ती आणली. खेळाडूंना तिचे वेडच लागले, आणि बातमी एका संघातून दुसऱ्या संघात पोहोचली. कंपनीनेही ही संधी सोडली नाही.

तोवर आशियातून जहाजाने येणारा हा माल २०१५ पासून नॉर्थ कॅरोलायनातील मेबेन येथे तयार होऊ लागला. २०२४ मध्ये तेथेच मोठ्या विस्ताराची घोषणाही झाली. म्हणजे नाव जपानी, कृती जपानी, पण रोजगार मात्र अमेरिकी. घसरत्या लोकसंख्येचा हा परिणाम मोटारींच्या गाजावाजात सहसा दिसत नाही. नफा टोकियोला परत जाईल हे खरे, पण तो कारखान्यातील पाळीची जागा घेऊ शकत नाही.

शिवाय अमेरिकेतही दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण आता १.६ च्या आसपास उतरले आहे. फरक एवढाच, की तेथे ही गोळी लोकप्रिय केली ती मुलांनी नव्हे, तर गणवेशातल्या मोठ्या माणसांनी. मोरिनागाची पुढची भिस्त बहुधा त्यांच्यावरच राहील.