लोखंडाचे वय

गोव्यात पेडण्याच्या बाजारात किंवा डिचोलीच्या एखाद्या गॅरेजसमोर जुनी पिकअप उभी असली, की एक वाक्य हमखास कानावर पडते : "असल्या गाड्या आता होत नाहीत." हौदा चेपलेला, फाळक्याला कडीऐवजी तार, दोन दारांचे रंग दोन तऱ्हेचे, तरी एका चावीत सुरू होते. शेजारी चार वर्षांची नवी गाडी स्कॅनरवाल्याची वाट पाहत असते. बोलणाऱ्याला पुरावा आयताच मिळतो. हे वाक्य मला खोडायचे आहे, आणि त्यातला खरा अंश वाचवायचाही आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही. टाटांची 407 आली 1986 मध्ये आणि तिच्याहून लहान 207 त्यानंतर. महिंद्रांची पिकअप तर 1947 पासून मुंबईत जुळवल्या जाणाऱ्या विलीज जीपच्या घराण्यातली. सगळ्यांच्या पोटाखाली शिडीसारखी जाड चासी, मागे पाट्यांचा थर, आणि साधे, यांत्रिक पंपावरचे डिझेल इंजिन. बाहेरच्या जगाचा दाखला हवा असेल, तर चाड आणि लिबिया यांच्यातल्या लढाईचा 1987 मधला टप्पा चक्क 'टोयोटा युद्ध' म्हणून ओळखला जातो. चाडचे सैनिक टोयोटाच्या पिकअपवर बसून रणगाड्यांवर तुटून पडले होते. जुनी पिकअप दणकट, हे एवढ्याने सिद्धच झाल्यासारखे वाटते.

पण प्रत्येक घराण्यात एक आजोबा असतात. बिडी ओढत नव्वदी गाठलेले. त्यांच्याकडे बोट दाखवून "जुनी हाडेच वेगळी" असे आपण म्हणतो, आणि त्यांची पाच भावंडे देवी-मलेरियात लहानपणीच गेली, हे घरात कुणी काढत नाही. रस्त्यावर दिसणारी जुनी 207 म्हणजे ते आजोबा. तिच्याच वर्षी, तिच्याच कारखान्यातून निघालेल्या बाकीच्या गाड्या कुठे आहेत? भंगारवाल्याकडे वजनावर गेल्या, किंवा माडाखाली कोंबड्यांचे खुराडे होऊन बसल्या. त्यांची साक्ष कुणी काढत नाही.

शिवाय दणकटपणा गाडीच्या अंगचा असता, तर तो सगळीकडे सारखा टिकला असता. ज्या टोयोटाच्या नावाने पूर्वपक्ष छाती फुगवतो, त्याच कंपनीवर अमेरिकेत 2008 मध्ये आपल्या टाकोमा पिकअप ग्राहकांकडून परत विकत घेण्याची पाळी आली. 1995 ते 2000 या सालांतल्या गाड्यांच्या चासी गंजून पोखरल्या होत्या. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने खाल्ल्या. इंजिने मात्र ठणठणीत होती!

आता पेडण्यात या. इथे मीठ टाकावे लागत नाही. मोरजी, मांद्रे, हरमलचा खारा वारा आहेच. अगरवाड्याची मिठागरे आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मासळीची पिकअप. बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या फटींतून रात्रभर चासीवर ठिबकत राहते. वरून शंभर-सव्वाशे इंच पाऊस. किनाऱ्यावरची पिकअप इंजिनाने मरत नाही, पोटातून मरते. डिचोलीत दुखणे वेगळे. तिथे तांबडा चिखल चासीच्या खाचांत जाऊन बसतो आणि चवथ उलटून गेली तरी आतून ओला राहतो. बाहेरून गाडी कोरडी, आतून पोल्टीस बांधल्यासारखी. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, अंतर दोन तालुक्यांचे, आणि मरणाची तऱ्हा निराळी. मग 'जुने ते दणकट' हे कुठल्या गाडीबद्दल म्हणायचे?

डिचोलीनेच आणखी एक धडा दिला आहे, आणि तो महाग पडला. 10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. साखळी-डिचोली पट्ट्यात खनिजाचे ट्रक घरांपुढे, शेतांच्या कडेला रांगेने उभे राहिले. पिकअप नव्हेत, टिप्पर. पण लोखंड तेच. दिवसाला चार खेपा मारून जे झिजले नव्हते, ते उभे राहून कुजले. टायर चिरले, बॅटऱ्या गेल्या, रबरी सीलं कडक झाली, ब्रेक धरून बसले. बँकेचे हप्ते मात्र धावतच होते. गाडीचे वय वाढते ते कामाने नव्हे, हे या ट्रकांनी दाखवले. रोज चालणारी गाडी रोज कुणाच्या तरी नजरेखालून जाते. ऑइल गळते ते दिसते, पाटा तुटला की आवाज येतो. उभ्या गाडीकडे कोण बघतो?

इथून मंडन सुरू होते. जुनी पिकअप टिकली, कारण ती मोडण्याजोगी होती आणि मोडल्यावर जुळण्याजोगी. इंजिन दमले, बोरिंग करा, लायनर-पिस्टन घाला. क्रँक घासून आणा. पंप कॅलिब्रेट होतो, नोझल बदलतो, तुटला पाटा एकटाच बदलता येतो. पुष्कळसे सामान म्हापशात मिळते, आणि ते बसवणारा मिस्त्री गावात असतो. वीस वर्षांच्या पिकअपमध्ये मूळची किती गाडी उरली, हा प्रश्न मला नेहमी गमतीचा वाटतो. क्लच तिसरा, हौदा दुसरा, केबिनचा निम्मा पत्रा टिंकरच्या हातचा. म्हणजे तिचे आयुष्य कारखान्यात एकदा घडलेले नाही. गॅरेजात दर दोन-तीन वर्षांनी नव्याने घडवलेले आहे. नव्या गाडीचे लोखंड कमअस्सल नाही, उलट पुष्कळदा गंजाला जास्त पुरते. तिचा दोष एवढाच, की तिच्या दुखण्याचे निदान मिस्त्रीच्या कानाला ऐकू येत नाही. धूर गाळणारी जाळी तुंबली, की इंजिन धडधाकट असून गाडी रेटा सोडते. आणि बाजार ते जेटी अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती जाळी तुंबायचीच.

दुसऱ्या बाजूला कॅलेंडरवाले आहेत. पंधरा वर्षे झाली, भंगारात घाला. दिल्लीत हरित लवादाने 2015 मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर सरसकट रेघ ओढली, तेव्हापासून या मताला जोर आला. 2021 च्या राष्ट्रीय भंगार धोरणातसुद्धा मालवाहू गाडीला भंगाराची वाट आहे ती चाचणीत नापास झाल्यावरच. पण एप्रिल 2022 पासून जुन्या गाड्यांच्या पासिंगची फी अशी वाढवली, की वयालाच दंड बसला. मासळी वाहणारी आठ वर्षांची पिकअप पोकळ झालेली असू शकते आणि नारळ वाहणारी बावीस वर्षांची भक्कम. फीचा तक्ता दोघींना उलटा न्याय देतो.

एक गोष्ट मात्र कॅलेंडरवाल्यांची मान्य करतो, कारण ती खोडण्यासारखी नाही. भरलेली जुनी पिकअप चढणीला लागली, की मागच्या स्कूटरवरच्या पोराच्या तोंडावर ती काय सोडते, हे मी पाहिले आहे. 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 इंजिनाशी या बाबतीत तिची तुलनाच नाही. ब्रेकही त्या काळचेच. पंप नीट लावून धूर कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि जी गाडी धुराच्या चाचणीत बसत नाही, तिच्यासाठी मी भांडणार नाही.

तेव्हा जुनी पिकअप घ्यायला जाल, तर बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत बसू नका. विकणारा तोच ऐकवायला बघत असतो. मागच्या चाकाजवळ आडवे व्हा, पाट्याच्या शॅकलपाशी चासीवर पाना मारा. टणकन वाजले, तर भाव करा. ठप्प आवाज आला आणि तांबडी साल हातात आली, तर कपडे झटका आणि चहा पिऊन घरी या.