‘होऊन जाईल’ म्हणण्याआधी

कसबा पेठेतल्या तांबट आळीत फुटका हंडा आला की कारागीर आधी काय करतो? हंडा उलटा करतो, बुडाला बोट लावतो आणि वजन करतो. डाग देऊन, ठोकून तो आणखी दहा वर्षे चालणार असेल तर मजुरी सांगतो. नसेल तर मोडीचा भाव सांगतो. गिऱ्हाईक हळहळते, पण फसत नाही. हा शहाणपणा ज्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या मुरला आहे, तिथेच आपले डेंटर, वेल्डर आणि इंजिन मिस्त्री बंधू अपघातात चेपलेली जुनी स्पोर्ट्‌स गाडी दारात आली की तो विसरतात. गाडीभोवती एक चक्कर मारतात आणि म्हणतात, ‘होऊन जाईल, साहेब.’ या दोन शब्दांनी आपल्या धंद्याचे जेवढे नुकसान केले, तेवढे महागाईनेही केले नसेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे प्रकार आम्ही जवळून पाहिले आहेत. जुनी दोन सीटची गाडी येते. मालक हौशी असतो, पाच-पंचवीस हजार उचल देतो. गाडी उघडल्यावर खरे दुखणे दिसते. उचल संपते, मालकाचा उत्साह संपतो आणि गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहते. आपल्या गल्लीतली शेड ती केवढी? एका अडकलेल्या गाडीमागे रोजची चार कामे परत जातात. शेवटी मालक म्हणतो मिस्त्रीने फसवले, मिस्त्री म्हणतो मालकाने बुडवले. खरे तर दोघांनाही बुडवले ते पहिल्या दिवशी न केलेल्या मोजमापाने.

तेव्हा पहिला प्रश्न सांगाड्याचा. पत्रा चेपला तर ठोकून निघतो, सांगाडा वाकला तर सगळेच बिघडते. यासाठी महागडी यंत्रे हवीतच असे नाही. गाडी सपाट फरशीवर घ्यावी, दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंवरून ओळंबा सोडावा, खाली खडूने खुणा कराव्यात आणि तिरके कर्ण फीत लावून मोजावेत. कर्ण जुळले नाहीत, किंवा पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर उजवीकडे एक आणि डावीकडे दुसरे भरले, तर गाडी पिळली आहे असे समजावे.

गाडीची जातही पाहावी लागते. ट्रायम्फ स्पिटफायरसारख्या गाडीला वेगळी चासी असते. बॉडी उतरवून ती सरळ करता येते. शिवाय तिचा सांगाडा आणि पुढचे सस्पेन्शन हेराल्डच्या घराण्यातले. मद्रासला १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड बनत होती, त्यामुळे जुन्या मालात तिचे काही भाग अजून हाती लागू शकतात. उलट १९६२ साली आलेल्या एमजी-बीला वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटी हाच तिचा कणा. खालचे उंबरे आणि मधला बोगदा मुरडला असेल तर ते काम गल्लीतल्या शेडचे नाही. गोव्यात वेर्णा येथे तयार झालेली आणि १९९८ मध्ये बाजारात आलेली सॅन स्टॉर्म घ्या. तिची बॉडी फायबरची. फायबर तडकते, तडा रेझिन आणि मॅटने भरता येतो. पण वरचा तडा भरून खालच्या लोखंडाकडे न पाहणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

दुसरा प्रश्न कागदांचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि मग नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणून हातोडा उचलण्याआधी नोंदणी जिवंत आहे का, विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ धरला आहे का, हे विचारा. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी गेली असे धरते. विमा कंपनी जो हिशेब करते तो आपण का करू नये?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. फी २०,००० रुपये आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे दोन गाड्यांची अर्धी-अर्धी धडे जोडून एक उभी केली, तर मालकाचा हा मानही जातो. चासी नंबरशी खेळ करणाऱ्याबद्दल तर आम्ही बोलतच नाही. ती कारागिरी नव्हे, गुन्हा आहे.

तिसरा प्रश्न पैशांचा. उदाहरणादाखल हिशेब मांडू. तयार गाडीला बाजारात १२ लाख येतील असे धरा. मोडकी गाडी ३ लाख, पत्राकाम ३, इंजिन-गिअर २, वायरिंग, सीट आणि क्रोम दीड, रंग दीड. झाले ११ लाख. शेडचे भाडे महिना १५ हजार धरले तर दहा महिन्यांचे आणखी दीड लाख. साडेबारा लाख झाले आणि अजून एकही अनपेक्षित खर्च निघालेला नाही.

यावर कोणी म्हणेल, ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेत १९५४ च्या फेरारी ५०० मोंडियालचा जळून चुरगळलेला सांगाडा लिलावात १८ लाख ७५ हजार डॉलरला गेला, त्याचे काय? बंधूंनो, ती किंमत पत्र्याची नव्हती. मोजक्याच बनलेल्या रेसच्या गाडीच्या अस्सल ओळखीची ती किंमत होती. आपल्या दारातल्या गाडीला तशी ओळख आहे का, हे आधी पाहा. वडिलांची आठवण म्हणून कोणी तोटा सोसून गाडी उभी करू इच्छित असेल तर जरूर करावी. पैसा त्याचा, जीव त्याचा. पण तो तोटा आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळले पाहिजे, आणि ते सांगणे आपले काम आहे.

आता मूळ मुद्दा. आपला कारागीर खरे का सांगत नाही? कारण ‘नाही’ म्हणण्याचे त्याला पैसे मिळत नाहीत. डॉक्टर तपासणीची फी घेतो, मग रोग बरा होवो न होवो. आपला मिस्त्री अर्धा दिवस गाडीखाली पडून राहतो आणि ते फुकट! मग काम घेतल्याशिवाय त्याची चूल पेटणार कशी? म्हणून आमची सूचना आहे की तपासणीची मजुरी वेगळी घ्या. दोन दिवस गाडी उघडा, मापे कागदावर लिहा, पत्रा, यंत्र आणि सजावट यांचा अंदाज वेगवेगळा द्या, आणि उघडल्यावर निघणाऱ्या कामाची अट लेखी ठेवा. टप्प्याटप्प्याने पैसे, टप्प्याटप्प्याने काम. गाडी किती दिवस पडून राहिल्यास जागेचे भाडे लागेल, तेही त्याच कागदावर येऊ द्या.

आणि जमणार नसेल तर तसे सांगा. इंजिन, गिअरबॉक्स, चाके, मीटर, काचा यांचा सुटा भाव काढून द्या. एका मेलेल्या गाडीच्या भागांवर दुसऱ्या दोन उभ्या राहतात, त्यात कमीपणा नाही.

‘ही गाडी करू नका’ असे सांगणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक पुढची गाडी घेऊन नक्की येते. ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याच्या शेडमध्ये मात्र ताडपत्री तेवढी वाढत जाते. आपल्या धंद्यात बरकत कशाने येईल, हे आम्ही वेगळे सांगायला नको.