‘पब्लिकला कविता नको असते’ म्हणणाऱ्यांसाठी

परवा गावातल्या एका सांस्कृतिक कार्यक्रमाच्या बैठकीला गेलो होतो. तीन रात्रींचा कार्यक्रम, वर्गणीही बऱ्यापैकी जमलेली. मी सुचवलं, एक रात्र कवितेच्या गाण्यांना द्या. तालुक्यात लिहिणारे आहेत, चाली लावणारी पोरं आहेत. लगेच उत्तर आलं, "दादा, पब्लिकला कविता नको असते. पब्लिकला ठेका लागतो." सगळे हसले. विषय संपला.

माझा संपलेला नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

स्पेनमध्ये जोआन मानुएल सेरात नावाचा गायक आहे. जन्म 1943 चा, बार्सिलोनाच्या एका कामगार वस्तीतला. लेथ मशीनचं काम शिकला, शेतकीचं शिक्षण घेतलं आणि मग गिटार हातात घेऊन स्वतः लिहिलेली गाणी गायला लागला. आवाज थोडा कापरा. चाली अशा की शब्द आधी कानात शिरतो, वाद्यं मागून येतात. मला स्पॅनिश येत नाही. इंग्रजी भाषांतर समोर ठेवून ऐकलं आणि दोन रात्री झोप उडाली.

देशात तेव्हा जनरल फ्रँकोची हुकूमशाही. सेरातची घरची एक भाषा कातालान. शाळेत आणि सरकारदरबारी तिला जागा नव्हती. 1968 साली युरोव्हिजन या मोठ्या गाण्याच्या स्पर्धेसाठी स्पेनतर्फे सेरातची निवड झाली. तो म्हणाला, गाईन तर कातालानमध्ये. सरकारी टीव्हीने त्याला काढलं आणि मासिएल या गायिकेला पाठवलं. तिने लंडनमध्ये ते गाणं स्पॅनिशमध्ये गाऊन स्पर्धा जिंकली. गंमत म्हणजे त्या गाण्यात ‘ला ला ला’ हेच मुख्य! सेरातला मात्र टीव्हीचा दरवाजा पुढे काही वर्षं बंद झाला.

टीव्ही नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? पब्लिकला आवडेल असं काहीतरी सोपं करतो. सेरातने 1969 साली काढला आंतोनियो माचादो या कवीच्या कवितांचा अख्खा अल्बम.

हा माचादो कोण? यादवी युद्धात फ्रँकोविरुद्धच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिलेला कवी. 1939 मध्ये म्हाताऱ्या आईसोबत सीमा ओलांडून फ्रान्सला गेला आणि काही आठवड्यांतच कोलिऊर नावाच्या गावात वारला. 1966 मध्ये त्याचे चाहते बाएझा या गावी त्याचा अर्धपुतळा बसवायला जमले, तर पोलिसांनी त्यांना मारून हुसकावलं. पुतळा बसू दिला नाही. तीन वर्षांनी सेरातचा अल्बम आला आणि तोच कवी घराघरात वाजू लागला. पुतळा अडवता येतो, लोकांच्या तोंडातलं गाणं कसं अडवणार? आज स्पॅनिश बोलणाऱ्या कितीतरी लोकांना माचादो पुस्तकातून नाही, सेरातच्या गाण्यातून पाठ आहे. एका गाण्यात सेरातने माचादोच्या ओळींना स्वतःच्या ओळी जोडल्या. कुठली कोणाची, हे ऐकणाऱ्याला पटकन सांगता येत नाही.

1972 मध्ये दुसरा कवी घेतला. मिगेल एर्नांदेस. लहानपणी शेळ्या राखायचा, बापाने शाळेतून काढलेला. युद्धानंतर तुरुंगात गेला. बायकोचं पत्र आलं की घरात भाकर आणि कांद्याशिवाय खायला काही नाही, आणि अंगावर पिणारं पोर आहे. त्याने तुरुंगातून त्या पोरासाठी कांद्याची अंगाई लिहून पाठवली. 1942 मध्ये आलिकांतेच्या तुरुंगात क्षयाने गेला, वय 31. ती अंगाई सेरातने गायली. भाकर-कांद्यावर दिवस काढणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागेल?

आता कोणी म्हणेल, अहो, हुकूमशाहीत लोकांना असलंच आवडतं, दबलेला राग निघतो. बरं. थोडं खरंही आहे. 1975 मध्ये फ्रँको सरकारने पाच जणांना गोळ्या घातल्या, तेव्हा मेक्सिकोत असलेल्या सेरातने जाहीर निषेध केला, आणि जवळपास वर्षभर त्याला देशात परतता आलं नाही. पण फ्रँको त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेला. राग संपल्यावर गाणं संपायला हवं होतं ना? सेरात शेवटचा निरोपाचा कार्यक्रम करून थांबला तो 23 डिसेंबर 2022 ला, बार्सिलोनात, भरलेल्या स्टेडियमसमोर. मधे 47 वर्षं गेली. नुसत्या रागावर इतकी वर्षं कोणी ऐकत नाही. लोक शब्दांसाठी येत होते.

आणि स्पेन कशाला, आपल्या घरात बघा ना. तुकोबा माझ्या आजीने वाचला नव्हता, तिला वाचताच येत नव्हतं. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर ऐकला आणि शेकडो अभंग तोंडपाठ केले. ठेका आणि कविता यांचं भांडण कोणी लावलं? वारकऱ्यांनी तर नाही लावलं. ज्यांना चांगलं शोधायचा कंटाळा आहे, त्यांनी लावलं. आणि कंटाळा स्वतःचा, नाव पब्लिकचं!

माझा डीजेला विरोध नाही. पोरांना नाचू द्या. माझा विरोध आहे तो लोकांना न विचारता त्यांना अडाणी ठरवण्याला. आपण कवींच्या नावाने चौक करतो, जयंतीला हार घालतो, व्हॉट्सअपवर मराठीचा जयजयकार करतो. आणि त्याच कवीला स्टेजवर एक तास द्यायची वेळ आली की पब्लिक आठवतं.

पुढची बैठक रविवारी आहे. मी जाणार आहे. एक रात्र देत नसाल तर एक तास द्या, पण तो रात्री नऊचा द्या. सायंकाळी पाचला, रिकाम्या खुर्च्यांसमोर नको. लोक उठून गेले तर इथेच पोस्ट टाकून चूक कबूल करीन. नाही गेले, तर पुढच्या वर्षी "पब्लिकला नको असतं" हे वाक्य बैठकीत कोणी बोलायचं नाही. एवढं ठरवू.

ज्यांना पटतंय त्यांनी रविवारी या. नुसता अंगठा दाखवून जाऊ नका.