आधी काच, मग थंडावा

भिलाईच्या दक्षिणेला असलेल्या उतईत मे महिन्याच्या दुपारी पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. इकडच्या कितीतरी मराठी घरांचे सोयरेसंबंध भंडारा-नागपूरकडचे, आणि लग्नसराईही नेमकी याच दिवसांत. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा अडीचशेहून अधिक किलोमीटरांचा रस्ता. अंगणात पंधरा-अठरा वर्षांची एखादी एसयूव्ही उभी असते. पुण्याची सफारी १९९८ मध्ये आली, नाशिकची स्कॉर्पिओ २००२ मध्ये. त्या काळातल्या बऱ्याच गाड्या आजही घरच्या माणसासारख्या सांभाळलेल्या दिसतात.

आणि निघायला आठ दिवस उरले असताना लक्षात येते की एसीतून नुसताच वारा येतो आहे, आणि मागच्या डाव्या दाराची काच बटण दाबूनही हलत नाही.

गॅरेजमध्ये अशा वेळी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘गॅस संपला असेल, भरून टाकू’ आणि ‘मोटर गेली, नवी टाकावी लागेल’. दोन्ही खरी असू शकतात. पण ती तपासणीनंतर बोलायची वाक्ये आहेत, आधी नव्हे.

एसीचा गॅस पेट्रोल-डिझेलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे. कधी सांध्यांतली रबरी रिंग सुकते, कधी समोरच्या कंडेन्सरला खडा लागतो, कधी कॉम्प्रेसरचे सील झिजते. मोठ्या गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठी वेगळी कूलिंग कॉईल असेल तर तिच्याकडे जाणाऱ्या लांब नळ्यांवर चिखल आणि खडी बसते, आणि ही जागा बहुतेकदा शेवटी पाहिली जाते. गळती न शोधता भरलेला गॅस महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हवेत जातो. या गाड्यांत असतो तो आर-१३४ए हा गॅस वजनास वजन धरले तर कार्बन डायऑक्साईडपेक्षा हजारपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणजे खिशाला चाट आणि हवेलाही त्रास.

गॅरेज गाठण्यापूर्वी घरीच बरेच काही कळते. इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि बॉनेटजवळ कान द्या. ‘टक्’ असा आवाज येऊन कॉम्प्रेसरच्या पुलीची पुढची चकती फिरू लागली तर क्लच लागला. (पदर, ओढणी, सैल बाही पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांबच ठेवावी.) चकती फिरलीच नाही तर फ्यूज, रिले, वायर यांपैकी काही तरी गेले असेल. नाहीतर गॅस इतका कमी झाला असेल की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही. फ्यूज आणि रिले पाहायला पाच मिनिटे लागतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

गाडी धावताना थंड हवा येते पण फाटकावर उभी राहिली की गरम होते, अशी तक्रार असेल तर कंडेन्सरच्या पंख्याकडे पाहावे. तो फिरत नसेल, किंवा कंडेन्सरच्या जाळीत कचरा अडकला असेल. दुर्ग जिल्हा हा धानाचा मुलूख. मळणीच्या दिवसांत रस्त्यावर उडणारा भुसा आणि तूस त्या बारीक पत्र्यांत जाऊन बसते आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहते. साध्या नळाच्या धारेने, शक्यतो आतून बाहेर, हळू धुवावे. धुलाई केंद्रावरची जोराची धार पत्रे वाकवते आणि हवेची वाट कायमची बंद करते. नुसत्या या धुण्याने थंडावा परत आला, तर नवल वाटू देऊ नये.

पंख्याचा वेग फक्त शेवटच्या नंबरावरच मिळत असेल तर बहुधा रेझिस्टर गेलेला असतो. हा लहानसा भाग आहे, त्यासाठी पूर्ण ब्लोअर बदलण्याचे कारण नाही. तासभर छान गारवा मिळून मग हवाच कमी येऊ लागली, आणि थोडा वेळ एसी बंद ठेवल्यावर पुन्हा सुरळीत झाले, तर आतल्या कॉईलवर बर्फ साचतो आहे. हे गाऱ्हाणे मेकॅनिकला नेमक्या याच शब्दांत सांगावे.

गॅस भरायचाच ठरला तर समोर उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. आधी गळतीची तपासणी, मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, आणि गॅस बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या वजनाइतकाच. अंदाजाने जास्त भरला तर थंडावा वाढत नाही, उलट कमी होतो. कॉम्प्रेसर आतून झिजून धातूचा कीस नळ्यांत पसरला असेल तर खर्च मोठा आहे. अशा वेळी नोंदणीच्या नूतनीकरणाला किती दिवस उरले, हे पाहूनच हात घालावा.

आता काचा. चारही बंद पडल्या तर मोटरी एकदम जात नाहीत. आधी फ्यूज आणि मुख्य रिले पाहावा. एकच काच अडली असेल तर इग्निशन चालू करून, आतला दिवा लावून बटण दाबावे. दिवा किंचित मंदावला तर मोटरपर्यंत वीज पोहोचते आहे, अडचण काचेच्या मशीनमध्ये किंवा सुकलेल्या रबरात आहे. दिवा जराही हलला नाही, आवाजही नाही, तर बटण, वायर किंवा मोटर. दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायरी हजारो वेळा वाकतात आणि वरचे आवरण शाबूत असताना आतून तुटतात. दार अर्धवट उघडल्यावर काच चालते, बंद केल्यावर नाही, असे झाले तर दोष तिथलाच समजावा.

काच रखडत चढत असेल तर रबराच्या खाचेत सिलिकॉन स्प्रे मारावा. इंजिन ऑईल मुळीच नको, त्याने रबर फुगते. आणि पावसाळ्याआधी दाराच्या तळाची छिद्रे मोकळी करावीत. तिथे साचलेले पाणीच मोटर कुजवते.

एसी आणि काचा एकाच दिवशी रुसल्या तर दोघांचे सामाईक काय आहे ते आधी पाहावे: बॅटरीची टोके, अर्थिंगची वायर आणि अल्टरनेटर. इंजिन चालू असताना मीटर चौदा व्होल्टच्या आसपास दाखवायला हवा.

हाताशी पैसे एकाच दुरुस्तीपुरते असतील तर आधी काचा कराव्यात. एसी वाटेत बंद पडला तर उघड्या काचांनी प्रवास निभतो. काचा बंद आणि एसीही बंद, अशी गाडी साकोलीजवळ भर दुपारी भट्टी होते. उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते, म्हणून ‘आलोच’ म्हणून मुलाला आत ठेवून जाणे नको. जुन्या गाड्यांतल्या बहुतेक काचांना मधे हात किंवा मान आली तरी कळत नाही. चालकाने उतरताना किल्ली सोबत घ्यावी आणि मागच्या काचांचे लॉक लावून ठेवावे.

निघण्यापूर्वीची चाचणी सकाळी सातला करू नये, त्या वेळी कुठलाही एसी थंडच वाटतो. दुपारी दोनला, उन्हात, गाडी उभी ठेवून अर्धा तास पाहावे. आणि आजींना बसवायचे ते, जिची काच दोन-चारदा वर-खाली करून पाहिली आहे त्या दाराशी.