हप्ता, जामीनदार आणि गांधीबाग

दर महिन्याच्या पाच तारखेला ऑफिसात 'टिंग टिंग' सुरू होते. ईएमआय गेला! कुणाचा कारचा, कुणाचा फ्लॅटचा. माझा डिग्रीचा. कारमध्ये निदान बसता तरी येतं, यार.

परवा मेट्रोनं अग्रसेन चौकात उतरलो आणि गांधीबागेत गेलो. बाबा तिथे एका ठोक कापड दुकानात तीस वर्षं सेल्समन आहेत. २०१३ मध्ये मी पुण्याला इंजिनीअरिंगला निघालो, तेव्हा माझ्या साडेसात लाखांच्या लोनवर जामीनदार म्हणून सही केली ती या दुकानाच्या शेठजींनी. तेव्हा चार लाखांच्या वर जामीनदार लागायचा. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. सीटा वाढल्या, पण बिल घरी येऊ लागलं!

सहीआधी शेठजींनी विचारलं होतं, "व्याज कधीपासून लागते बे?"
मी ऐटीत, "नोकरी लागल्यावर, काकाजी!"
ते नुसते हसले. उधारीवर गाठी देणारा माणूस तो.

व्याज पैसे उचलल्या दिवसापासूनच लागतं. कोर्स अधिक एक वर्ष बँक मागत नाही, इतकंच. साडेसात लाख चार वर्षांत सारखे उचलले आणि व्याज सोयीसाठी दहा टक्के सरळव्याज धरलं, तर पहिल्या हप्त्याआधीच दोन लाख साडेबासष्ट हजार चढलेले असतात. मग दहा वर्षं महिना सुमारे १३,४०० रुपये. तेच व्याज शिकतानाच भरत गेलात, तर हप्ता ९,९०० च्या आसपास. वर बऱ्याच बँका अशांना एक टक्का सूटही देतात. मला हे कुणी सांगितलं नाही. म्हणजे, फॉर्मवर असेल हो... वाचतं कोण?

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी कंपनीनं नारळ दिला. तीन हप्ते चुकले आणि नोटिशीची एक प्रत थेट दुकानात गेली. भर गिऱ्हाइकीत, काउंटरवर उघडली गेली. शेठजी अवाक्षर बोलले नाहीत. बाबा मात्र आठवडाभर त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते, हे मला आईकडून कळलं. ते तीन हप्ते आईच्या पाटल्यांतून गेले.

यंदा आतेभाऊ निघालाय, तितक्याच रकमेवर. आता साडेसात लाखांपर्यंत बँका सरकारी हमी फंडातून जामीनदाराशिवाय कर्ज देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत तर उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर शिकत असताना तीन टक्के व्याजसवलतही आहे. फक्त कॉलेज त्यांच्या यादीत हवं. याचं नाही!

म्हटलं, "व्याज आत्तापासून भर."
तो म्हणाला, "दादा, पहिल्या वर्षी दीड हजार जमतील. चौथ्या वर्षी महिन्याला सव्वासहा हजार कुठून आणू?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुकानात तर्री पोहे खाता खाता शेठजींना सगळं सांगितलं.
"जामीनदार लागत नाही म्हणतोस? मंग चुकला तर चिठ्ठी कोणाले येईन?"
"त्याला. आणि त्याच्या बाबांना."
त्यांनी बिलबुकाचं एक पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूवर '१,५६२ दरमहा' लिहिलं आणि माझ्या खिशात कोंबलं.
"त्याले दे. पहिल्या महिन्यापासून."